हवाई वाहतूक नियंत्रक: मनुष्यबळाची टंचाई आणि सेवाशुल्काचा वाद

आकाशातील दोन विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखणे हे हवाई वाहतूक नियंत्रकाचे मूळ काम आहे. उंचीतला फरक साधारण एक हजार फूट असावा लागतो. एकाच उंचीवर उडणाऱ्या विमानांना रडारच्या देखरेखीखाली विमानतळाच्या परिसरात तीन, तर लांबच्या हवाई मार्गांवर पाच सागरी मैलांचे अंतर ठेवावे लागते. हे काम तीन पातळ्यांवर वाटलेले असते. धावपट्टी आणि तिच्या भोवतीचा भाग टॉवर सांभाळतो, उतरणाऱ्या व चढणाऱ्या विमानांची रांग अप्रोच लावते आणि दोन शहरांमधला उंचावरचा प्रवास एरिया कंट्रोलच्या ताब्यात असतो. प्रत्येक पातळीवर आकाशाचे ‘सेक्टर’ पाडलेले असतात. एका वेळी एका सेक्टरची जबाबदारी एका नियंत्रकावर असते आणि तो किती विमाने हाताळू शकेल याला मर्यादा असते.

टंचाईचा परिणाम या रचनेतूनच ठरतो. माणसे कमी पडली की दोन सेक्टर जोडून एकाच्या हाती द्यावे लागतात किंवा त्या भागात येणाऱ्या विमानांची संख्या घटवावी लागते. बहुतेक वेळा दुसरा मार्ग निवडला जातो. त्यामुळे प्रवाशाला नियंत्रकांची टंचाई जाणवते ती उड्डाणाला झालेल्या उशिराच्या रूपात, आणि त्या उशिराचे खापर हवामानावर किंवा विमान कंपनीवर फुटते. हा प्रश्न वर्षानुवर्षे लोकांच्या नजरेआड राहतो, त्याचे एक कारण हेच आहे.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत नोंदलेला इतिहास अमेरिकेचा आहे. तिथे नियंत्रकांची भरती, प्रशिक्षण आणि पगार हे सारे फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए, या सरकारी संस्थेकडे आहे. सुरुवातीचे नियंत्रण केंद्र १९३५ मध्ये न्यूअर्क येथे विमान कंपन्यांनीच चालवायला घेतले होते. पुढच्याच वर्षी ते काम केंद्र सरकारने स्वतःकडे घेतले. ३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ जण मृत्यू पावले. त्यानंतर १९५८ चा कायदा झाला आणि आजच्या एफएएचा पाया घातला गेला.

नियंत्रक घडवायला लागणारा काळ हा या विषयाचा कणा आहे. अमेरिकेत उमेदवाराचे वय भरतीच्या वेळी ३१ च्या आत असावे लागते आणि ५६ व्या वर्षी त्याला निवृत्त व्हावेच लागते. निवड झाल्यावर ओक्लाहोमा सिटीतील अकादमीत काही महिन्यांचे शिक्षण होते. तिथेच बरेच उमेदवार गळतात. जे उत्तीर्ण होतात त्यांना एखाद्या केंद्रावर पाठवले जाते आणि खरे शिक्षण तिथे सुरू होते. त्या भागातले मार्ग, डोंगर, विमानतळ, शेजारच्या सेक्टरांशी झालेले करार हे सगळे पाठ करून, अनुभवी नियंत्रकाच्या शेजारी बसून प्रत्यक्ष विमाने हाताळत एकेका सेक्टरची पात्रता मिळवावी लागते. पूर्ण पात्र ठरायला दोन-तीन वर्षे, गर्दीच्या केंद्रांवर त्याहून जास्त लागतात. ही पात्रता त्या केंद्रापुरतीच असते. न्यूयॉर्कला बदली झालेला कुशल नियंत्रक तिथे पुन्हा शिकाऊ होतो. म्हणून देशभराचा एकूण आकडा फारसे काही सांगत नाही. कोणत्या केंद्रावर किती पूर्ण पात्र माणसे आहेत हे पाहावे लागते. शिवाय शिकवणारा नियंत्रकही त्याच अपुऱ्या फळीतला असतो. टंचाई जितकी तीव्र, तितकी नव्या माणसाला शिकवायला सवड कमी. एकदा पडलेली तूट अनेक वर्षे भरून निघत नाही, ती या साखळीमुळे.

३ ऑगस्ट १९८१ रोजी ‘पॅटको’ या नियंत्रकांच्या संघटनेचे सुमारे १३ हजार सदस्य संपावर गेले. पगारवाढ, ३२ तासांचा आठवडा आणि निवृत्तीच्या सुधारित अटी या त्यांच्या मागण्या होत्या. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना संपाची कायद्याने बंदी होती. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ४८ तासांत कामावर परतण्याची मुदत दिली आणि ती संपताच ११,३४५ नियंत्रकांना बडतर्फ केले. पुढे संघटनेची मान्यताही रद्द झाली. पर्यवेक्षक, संपात न उतरलेले कर्मचारी आणि लष्करी नियंत्रक यांच्या बळावर, उड्डाणांमध्ये कपात करून, वाहतूक चालू राहिली. कामगार चळवळीच्या इतिहासात या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचा दुसरा परिणाम मात्र वयाच्या हिशोबात दडलेला होता. रिकाम्या जागा भरण्यासाठी पुढच्या काही वर्षांत हजारो तरुण एकदम भरले गेले. पंचवीस वर्षांची सेवा झाली की कोणत्याही वयात निवृत्ती घेता येत असल्याने ही सारी पिढी २००६ च्या सुमारास एकत्रच दाराशी येऊन उभी राहणार होती. हे वीस वर्षे आधीपासून कागदावर दिसत होते.

नेमक्या त्याच वर्षी एफएएने नव्या संघटनेशी, १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅटका’शी, करार जुळत नाही म्हणून कामाच्या आणि पगाराच्या अटी एकतर्फी लादल्या. ज्यांची निवृत्तीची पात्रता पूर्ण झाली होती त्यांनी थांबण्याचे कारण उरले नाही. २००९ मध्ये नवा करार झाला, तोवर अनुभवी माणसांची मोठी गळती होऊन गेली होती. नंतरचे आघात अर्थसंकल्पातून आले. २०१३ मध्ये खर्चाला सरसकट कात्री लागली तेव्हा भरती थांबली, अकादमी बंद ठेवावी लागली आणि एप्रिलमध्ये नियंत्रकांना आळीपाळीने बिनपगारी रजेवर पाठवले गेले. विमाने रखडू लागताच काही दिवसांत संसदेने विशेष कायदा करून ती रजा रद्द केली. अकादमीचे गेलेले महिने मात्र परत आले नाहीत. डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस सरकारी कामकाज ठप्प होते, तेव्हा अकादमी पुन्हा बंद पडली. २०२० मध्ये साथीमुळे तिसऱ्यांदा. यांपैकी कोणताही खंड एकटा पाहिला तर फार मोठा नव्हता. मात्र दरवर्षी ठरावीक संख्येने माणसे निवृत्त होत असताना मागून येणारी तुकडीच चुकली, तर तिची पोकळी तीन वर्षांनी प्रत्यक्ष टॉवरमध्ये दिसते.

गेल्या काही वर्षांत अमेरिकेतील पूर्ण पात्र नियंत्रकांची संख्या पावणेअकरा हजारांच्या आसपास राहिली असून गरजेपेक्षा ती सुमारे तीन हजारांनी कमी मानली जाते. वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी जून २०२३ मध्ये दिलेल्या अहवालात, महत्त्वाच्या २६ केंद्रांपैकी २० केंद्रे ८५ टक्क्यांच्या किमान पातळीखाली असल्याचे नोंदवले. न्यूयॉर्कच्या अप्रोच केंद्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. एफएएने २०२४ मध्ये १,८११ नियंत्रक भरले. हा अलीकडचा मोठा आकडा आहे, पण गळती आणि निवृत्ती वजा जाता त्यातून हाती येणारी वाढ बेताचीच उरते. न्यूयॉर्क केंद्रावरचा भार हलका करण्यासाठी न्यूअर्क विमानतळाच्या परिसराचे नियंत्रण जुलै २०२४ मध्ये फिलाडेल्फियाला हलवले गेले. २८ एप्रिल २०२५ रोजी तिथली रडार आणि रेडिओ यंत्रणा सुमारे ९० सेकंद बंद पडली. त्या धक्क्यानंतर काही नियंत्रक रजेवर गेले आणि आधीच तोकडी असलेली फळी आणखी रोडावली; न्यूअर्कच्या उड्डाणांवर मर्यादा घालावी लागली. जुनी यंत्रे आणि अपुरी माणसे हे दोन वेगळे प्रश्न म्हणून मांडले जातात, पण इथे ते एकाच खोलीत भेटले.

तूट भरून काढण्याचा रोजचा मार्ग म्हणजे सक्तीचा जादा वेळ. अनेक केंद्रांवर आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला दहा तास काम चालते. पाळ्याही अशा लावल्या जातात की आठवड्याची सुरुवात संध्याकाळच्या पाळीने होते आणि शेवट पहाट किंवा मध्यरात्रीच्या पाळीने. दोन पाळ्यांमधली झोप त्यात चेपली जाते. २७ ऑगस्ट २००६ रोजी केंटकीतील लेक्सिंग्टन येथे चुकीच्या धावपट्टीवरून उड्डाणाचा प्रयत्न करणारे विमान कोसळून ४९ जण मृत्यू पावले. चूक वैमानिकांची होती, पण टॉवरमध्ये त्या वेळी एकच नियंत्रक होता आणि कामावर येण्यापूर्वी तो जेमतेम दोन तास झोपला होता. मार्च २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर रात्री एकटा असलेला पर्यवेक्षक झोपी गेला आणि दोन विमानांना टॉवरच्या प्रतिसादाविना उतरावे लागले. त्यानंतर रात्री दोघांची नेमणूक आणि पाळ्यांमध्ये किमान नऊ तासांचे अंतर असे नियम आले. २०२४ मध्ये ते अंतर दहा तास, आणि मध्यरात्रीच्या पाळीपूर्वी बारा तास, असे वाढवण्याचे ठरले. युरोपातील सर्वांत कठोर उदाहरण १ जुलै २००२ चे आहे. जर्मनीतील उबरलिंगनवर दोन विमाने धडकून ७१ जण मृत्यू पावले, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. त्या आकाशाची जबाबदारी झुरिचच्या केंद्राकडे होती. तिथे एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता, सहकारी विश्रांतीला गेलेला होता आणि यंत्रणेची दुरुस्ती चालू होती. रात्री एकानेच काम पाहण्याची ही प्रथा व्यवस्थापनाला ठाऊक होती आणि चालवून घेतली जात होती. टंचाईची सवय झाली की ती नियमासारखी वाटू लागते, आणि धोका तिथे असतो.

या सेवेचा पैसा कुठून येतो हा प्रश्नाचा दुसरा भाग. अमेरिकेत १९७० मध्ये विमानतळ व हवाई मार्ग निधी स्थापन झाला. देशांतर्गत तिकिटाच्या किमतीवर आज ७.५ टक्के कर आहे. त्याशिवाय प्रत्येक उड्डाण-टप्प्यावर ठरावीक आकार आहे; तो महागाईनुसार वाढतो आणि २०२५ मध्ये ५.२० डॉलर होता. मालवाहतुकीवर ६.२५ टक्के कर लागतो. विमान कंपन्यांच्या इंधनावर गॅलनला ४.३ सेंट, तर खासगी व व्यावसायिक जेट विमानांच्या इंधनावर २१.८ सेंट आकारले जातात. एफएएचा बहुतांश खर्च या निधीतून चालतो, उरलेला सरकारी तिजोरीतून. तरी निधीत पैसा जमा असला म्हणून तो आपोआप खर्च करता येत नाही. दरवर्षी संसदेची मंजुरी लागते. त्यामुळे प्रवाशांनी कर भरलेला असूनही सरकार ठप्प झाले की नियंत्रकाचा पगार थांबतो.

या करांचा सेवेच्या खर्चाशी थेट संबंध नाही, हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप. दोन सारखी विमाने एकाच मार्गाने गेली, तर नियंत्रकाचे काम सारखेच असते. महाग तिकिटांचे विमान मात्र स्वस्त तिकिटांच्या विमानापेक्षा कितीतरी जास्त कर देते. सामानाचे वेगळे पैसे घेण्याची पद्धत रुळल्यावर कराचा पाया आणखी आक्रसला, कारण ते पैसे ७.५ टक्क्यांच्या कक्षेत येत नाहीत. कर चालू ठेवायला ठरावीक काळाने कायदा करावा लागतो, हीदेखील अडचण आहे. जुलै २०११ मध्ये ती मुदतवाढ अडकली. दोन आठवडे कर वसूल झाला नाही, दिवसाला सुमारे तीन कोटी डॉलर बुडाले आणि बहुतेक विमान कंपन्यांनी भाडी तेवढ्याने वाढवून तो फरक स्वतःकडे ठेवला.

सेवाशुल्काची कल्पना याच्या उलट आहे: जो विमान उडवतो त्याने घेतलेल्या सेवेचे पैसे द्यावेत. १९४४ च्या शिकागो कराराचे पंधरावे कलम केवळ आकाशातून जाण्याच्या हक्कापोटी पैसे घेण्यास मनाई करते, सेवेचे पैसे घेण्यास नाही. युरोपात युरोकंट्रोल ही संस्था विमानाने कापलेले अंतर, त्याच्या कमाल वजनाला पन्नास टनांनी भागून काढलेले वर्गमूळ आणि त्या देशाचा दर यांचा गुणाकार करून बिल पाठवते. वर्गमूळामुळे चौपट वजनाच्या विमानाला दुप्पटच आकार पडतो. मोठ्या विमानाला नियंत्रकाचे काम चौपट लागत नाही, हे त्यात गृहीत आहे. जगातल्या बहुतेक प्रगत देशांनी हाच मार्ग धरला आहे. अमेरिका स्वतः फक्त तिच्या आकाशातून न उतरता जाणाऱ्या विमानांकडून असे शुल्क घेते.

देशांतर्गत उड्डाणांना तेच लागू करण्याचे प्रयत्न तिथे वारंवार झाले. क्लिंटन प्रशासनाने १९९५ मध्ये नियंत्रणासाठी स्वतंत्र महामंडळ सुचवले. नॉर्मन मिनेटा यांच्या आयोगाने १९९७ मध्ये खर्चावर आधारित शुल्काची शिफारस केली. बुश प्रशासनाने २००७ मध्ये आकडे पुढे केले: खासगी व व्यावसायिक छोटी विमाने नियंत्रणाच्या खर्चापैकी सुमारे १६ टक्क्यांना कारण ठरतात आणि निधीत सुमारे ३ टक्के भरतात. ओबामा प्रशासनाने नियंत्रित आकाशातील बऱ्याच उड्डाणांवर प्रत्येकी १०० डॉलर आकारण्याचा प्रस्ताव मांडला. खासदार बिल शूस्टर यांच्या विधेयकाला २०१७ मध्ये ट्रम्प प्रशासनाचा आणि नियंत्रकांच्या संघटनेचाही पाठिंबा होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मागे घेतले गेले. प्रत्येक वेळी निर्णायक विरोध छोट्या विमानांच्या मालकांचा आणि वैमानिकांचा होता.

त्या विरोधाला निव्वळ स्वार्थ म्हणणे अन्यायाचे होईल. इंधनावरचा कर पंपावरच वसूल होतो, त्याला बिले, वसुली आणि तंटे लागत नाहीत. प्रत्येक संपर्काला पैसे पडू लागले तर एकट्याने छोटे विमान उडवणारा माणूस नियंत्रकाची मदत टाळू लागेल, ही भीतीही खरी आहे. स्वतंत्र महामंडळाच्या संचालक मंडळावर मोठ्या कंपन्यांचे वर्चस्व झाले तर ग्रामीण विमानतळ मागे पडतील, हा तिसरा मुद्दा. शुल्क एकदा सुरू झाले की कुठवर जाते याचा अनुभव त्यांना २०१३ मध्ये आला. विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथे दरवर्षी भरणाऱ्या मोठ्या विमान-मेळाव्यासाठी एफएए जादा नियंत्रक पाठवत असे. कपातीच्या त्या वर्षी तिने आयोजक संस्थेकडून त्यापोटी सुमारे साडेचार लाख डॉलर वसूल केले. तरीही कारखानदारांना घेऊन जाणारे जेट आणि शेतकऱ्याचे दोन आसनी विमान यांना एकाच ढालीमागे उभे करणे योग्य नाही. जेट विमान उंचावरच्या गर्दीच्या मार्गांवर प्रवासी विमानाइतकेच काम मागते, आणि त्याचा वाटा कमी आहे, हे टाळता येत नाही.

शुल्काच्या बाजूने दिले जाणारे आवडते उदाहरण कॅनडाचे. १ नोव्हेंबर १९९६ रोजी ‘नॅव्ह कॅनडा’ने दीड अब्ज कॅनेडियन डॉलर देऊन सारी यंत्रणा सरकारकडून घेतली. ही भागभांडवल नसलेली, नफा न वाटणारी संस्था आहे. विमान कंपन्या, छोटी विमाने, सरकार आणि कर्मचारी संघटना या सर्वांचे प्रतिनिधी तिच्या मंडळावर नेमले जातात. वजन आणि अंतरानुसार शुल्क, छोट्या विमानांना वर्षाचा किंवा दिवसाचा माफक ठोक आकार, आणि गरज पडल्यास रोखे विकून कर्ज अशी तिची रचना आहे. संसदेत अर्थसंकल्प अडकला म्हणून तिचे प्रशिक्षण केंद्र बंद पडत नाही. यंत्रणा बदलायचे ठरले तर अनेक वर्षांचा करार एकदम करता येतो.

मग साथ आली. २०२० मध्ये उड्डाणे कोसळली आणि त्याच मापाने उत्पन्न कोसळले. सप्टेंबरपासून शुल्क सरासरी जवळपास ३० टक्क्यांनी वाढवले गेले, तेही विमान कंपन्या मरणपंथाला लागल्या असताना. शेकडो पदे कमी झाली, शिकाऊ नियंत्रकांची साखळी तुटली आणि वाहतूक परतली तेव्हा कॅनडातही टंचाई उभी राहिली. अमेरिकेने त्याच वर्षी तिकिटावरचे कर वर्षअखेरपर्यंत माफ केले आणि तिजोरीतून तूट भरली. पगार आणि पदे दोन्ही टिकली. म्हणजे सरकारी पैसा राजकारणाच्या लहरीने थांबतो, तर शुल्काचा पैसा वाहतुकीच्या लहरीने. नियंत्रकाला घडायला लागणारी तीन-चार वर्षे या दोन्ही लहरींपेक्षा लांब आहेत, आणि टंचाईचे खरे मूळ या विसंगतीत आहे. मालकी कोणाची, यात ते फारसे नाही.

इतर देशांचे दाखले हेच सांगतात. ब्रिटनने जुलै २००१ मध्ये ‘नॅट्स’मधील ४६ टक्के हिस्सा विमान कंपन्यांच्या गटाला विकला. दोन महिन्यांत न्यूयॉर्कवर हल्ला झाला, अटलांटिकवरची वाहतूक घटली आणि कर्जाने वाकलेल्या कंपनीची फेररचना करावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये गॅटविकच्या टॉवरमध्ये आजारपणामुळे माणसे कमी पडली तेव्हा उड्डाणांची संख्या दिवसाला ८०० वर रोखावी लागली. ऑस्ट्रेलियात साथीच्या काळात खर्च वाचवण्यासाठी अनुभवी नियंत्रकांना लवकर निवृत्तीचे आमिष दाखवले गेले. वाहतूक पूर्ववत होताच त्यांची उणीव भासू लागली.

भारतात नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. हे प्राधिकरण १ एप्रिल १९९५ रोजी दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून झाले. मुंबईचा विमानतळ २००६ पासून खासगी कंपनी चालवत असली तरी टॉवर, अप्रोच आणि मुंबईहून नियंत्रित होणारे पश्चिम भारत व अरबी समुद्रावरचे विस्तीर्ण आकाश प्राधिकरणाच्या हाती आहे. पुण्याच्या लोहगावला नियंत्रण हवाई दलाचे, गोव्याच्या दाबोळीला नौदलाचे. पदार्थविज्ञान-गणितातील किंवा अभियांत्रिकीतील पदवीधर ‘ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह’ म्हणून भरले जातात आणि प्रयागराज, हैदराबाद व गोंदिया येथे शिकतात. शुल्काची पद्धत मुळातच खर्चावर आधारलेली आहे: मार्गावरच्या सेवेसाठी आरएनएफसी, उतरण्याच्या टप्प्यासाठी टीएनएलसी, दोन्ही विमान कंपनीने द्यायची. तिकिटावर दिसणारा ‘यूडीएफ’ यात मोडत नाही. तो विमानतळ चालवणाऱ्याकडे जातो. ‘उडान’ योजनेतील छोट्या मार्गांना नियंत्रण शुल्कात मोठी सवलत आहे.

म्हणजे अमेरिकेत ज्या पद्धतीसाठी तीस वर्षे वाद चालला ती भारतात रूढ आहे, आणि तरीही टंचाई आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने नियंत्रकांची अपुरी संख्या आणि थकवा यांवर बोट ठेवले. कारण असे की शुल्क प्राधिकरणाच्या सामाईक खात्यात येते, तिथूनच विमानतळ बांधले जातात आणि सरकारला लाभांश दिला जातो. नियंत्रकांची पदे मात्र मंजुरीच्या सरकारी वेगाने वाढतात. नियंत्रण विभाग वेगळा काढून त्याचे खाते स्वतंत्र करण्याची सूचना अनेकदा झाली, अमलात आली नाही. नवी मुंबईसारखा विमानतळ उभा राहतो तेव्हा त्याच आकाशात दुसऱ्या टॉवरची आणि अधिक गुंतागुंतीच्या अप्रोचची माणसे लागतात, आणि ती धावपट्टीच्या काँक्रीटबरोबर तयार होत नाहीत. त्यांची भरती बांधकामाच्या आधी सुरू व्हायला हवी.

शुल्क की कर, या वादापेक्षा काही मर्यादित उपाय अधिक उपयोगी दिसतात. उत्पन्न कोणत्याही मार्गाने येवो, प्रशिक्षणाचा खर्च अनेक वर्षांसाठी बांधील असावा. वाहतूक घटेल त्या काळासाठी राखीव निधी असावा आणि तो शिकाऊ तुकड्या चालू ठेवण्यासाठीच वापरला जावा. अमेरिकेत १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस सरकार ठप्प होते. नियंत्रक बिनपगारी कामावर येत राहिले, गैरहजेरी वाढली आणि ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवर उड्डाणे कमी करण्याचा आदेश निघाला. अशा काळात जमा असलेल्या हवाई निधीतून नियंत्रकांचे पगार आणि अकादमीचा खर्च संसदेच्या वार्षिक मंजुरीविना चालू राहावा, अशी विधेयके २०१९ पासून तिथे मांडली जात आहेत. त्यांना दोन्ही पक्षांतून पाठिंबा मिळाला आहे. ती कर बदलत नाहीत आणि कोणावर नवे शुल्कही लादत नाहीत. छोट्या विमानांच्या मालकांनी आणि मोठ्या कंपन्यांनी एकत्र स्वीकारावा असा हा या विषयातला दुर्मिळ प्रस्ताव आहे.